स्कॉटलंडमध्ये मुलांना घेऊन डोंगर चढायचाय? पहिल्या टेकडीपासून बेन लोमंडपर्यंत

कळसूबाई १६४६ मीटर आणि बेन नेव्हिस, म्हणजे अख्ख्या ब्रिटनमधला सगळ्यात उंच डोंगर, १३४५ मीटर. हे आकडे बघून एडिनबरा-ग्लासगोला नव्याने आलेले आपले बरेच लोक म्हणतात की हे तर काहीच नाही, कॉलेजात असताना राजगड-तोरणा केलाय, मुलांना घेऊन डायरेक्ट बेन नेव्हिसच करू. तर आधी हे समजून घ्या की कळसूबाईच्या पायथ्याचं बारी गावच मुळात बऱ्यापैकी उंचीवर आहे आणि बेन नेव्हिसचा चढ जवळपास समुद्रसपाटीपासून सुरू होतो, म्हणजे पायाला लागणारा चढ इथे कळसूबाईपेक्षा जास्त आहे, आणि दुसरं म्हणजे आपण ५६-५७ अंश उत्तरेला आहोत, माथ्यावर जूनमध्येसुद्धा बर्फ पडू शकतो. त्यामुळे सह्याद्रीचा अनुभव कामाचा नक्की आहे, पण उंचीचा हिशोब तिकडचा इकडे चालत नाही.

इथे मुलांसोबत चालायचं तर सगळा प्लॅन एकाच माणसाभोवती करायचा, तो म्हणजे घरातला सगळ्यात लहान, ज्याला सगळ्यात आधी थंडी वाजते आणि सगळ्यात आधी भूक लागते. टेकडी कुठली, किती वाजता निघायचं, कुठून परत फिरायचं, सगळं त्याच्याकडे बघून ठरवायचं. मी खाली जे लिहितेय ते साधारण चार ते बारा वर्षांची मुलं डोक्यात ठेवून लिहितेय, तान्ह्यांचं मध्ये वेगळं सांगेन.

पहिलं काम: टेकडी निवडणं

इथे डोंगर मोजायची एक पद्धत आहे. ३००० फुटांच्या वर, म्हणजे ९१४ मीटरच्या वर असेल तर त्याला मन्रो म्हणतात, सर ह्यू मन्रो यांनी १८९१ मध्ये पहिली यादी छापली म्हणून, आणि आजच्या यादीत असे २८२ आहेत. त्याखाली २५०० ते ३००० फुटांचे कॉर्बेट. ऑफिसमधले लोक सोमवारी 'दोन मन्रो केले' असं सांगतात आणि आपल्यालाही वाटतं आपण मागे पडलो, पण मुलांसोबतची पहिली दोन वर्षं मन्रोकडे बघायचंही नाही असं माझं स्पष्ट मत आहे. २०० ते ५०० मीटरच्या टेकड्यांवर इतकं काही आहे की तेच आधी संपत नाही.

अगदी पहिल्यांदा जायचं तर नॉर्थ बेरिक लॉ. एडिनबरा वेव्हर्लीवरून थेट ट्रेन आहे, अर्ध्या तासाच्या आसपास लागतं, म्हणजे गाडी नसली तरी अडत नाही. टेकडी फक्त १८७ मीटर पण ती सपाट शेतांमधून एकटीच वर आलेली असल्यामुळे मुलांना खरोखर डोंगर चढल्यासारखं वाटतं. ही जुन्या ज्वालामुखीच्या नळीत थिजलेला दगड आहे, आजूबाजूचं मऊ सगळं हिमनद्यांनी खरवडून नेलं आणि हा कडक गाभा उरला. वर देवमाशाच्या जबड्याची कमान आहे, खरी हाडं कुजून धोकादायक झाली म्हणून २००५ मध्ये काढली आणि २००८ मध्ये फायबरग्लासची बसवली. समोर समुद्रात बास रॉक दिसतो, उन्हाळ्यात तो पांढराफटक असतो तो गॅनेट पक्ष्यांमुळे, दुर्बीण असेल तर जरूर न्या, मुलं अर्धा तास हलत नाहीत. उतरल्यावर खाली बीच आहे, आणि 'खाली गेल्यावर वाळूत खेळायचं' एवढं एक वाक्य शेवटच्या चढाला फार उपयोगी पडतं.

आर्थर्स सीट तर एडिनबराच्या मध्यातच, २५१ मीटर. शहरात आहे म्हणून लोक त्याला बाग समजतात आणि चपला घालून निघतात, ते करू नका, शेवटचे खडक लाखो लोकांच्या पायांनी घासून इतके गुळगुळीत झालेत की ओले असले की प्रौढ माणसंही बसत बसत उतरतात, आणि वर वारा असा असतो की पाच वर्षांच्या मुलाचा हात धरावाच लागतो. लहान मुलं असतील तर डनसापी तळ्याच्या बाजूने चढा, तिथपर्यंत रस्ता बराच वर आलेला असतो आणि गवतातून सरळ चढ आहे. सॉल्सबरी क्रॅग्जच्या खालून जाणारी रॅडिकल रोड नावाची वाट २०१८ मध्ये दरड कोसळल्यावर बंद केली, जुन्या ब्लॉगवर ती अजून दिसते म्हणून सांगतेय.

प्रॅम असेल किंवा आजी-आजोबा सोबत असतील तर पेंटलंड हिल्समधलं ग्लेनकोर्स तळं. एडिनबराच्या दक्षिणेला फ्लॉटरस्टोनला गाडी लावायची आणि तिथून डांबरी रस्ता आत जातो, तळ्याच्या काठाकाठाने, दोन्ही बाजूंना टेकड्या, मेंढ्या, गाड्यांची वर्दळ जवळपास नाहीच. ज्यांचे पाय दमले ते तिथूनच मागे फिरतात, ज्यांना पुढे जायचंय त्यांनी पुढच्या वेळी टर्नहाउस हिल आणि कार्नेथी करायचं, आणि पेंटलंडमधला सगळ्यात उंच स्कॉल्ड लॉ ५७९ मीटर आहे, तो आठ-नऊ वर्षांच्या पुढच्यांना. एक महत्त्वाचं, कासललॉच्या बाजूला सैन्याची फायरिंग रेंज आहे, लाल झेंडा लागलेला असेल तर त्या हद्दीत पाऊल टाकायचं नाही.

ग्लासगोकडून जाणाऱ्यांसाठी कॉनिक हिल, लोमंड तळ्याच्या काठावर बालमाहा गावातून, ३६१ मीटर. मला विचाराल तर मुलांना भूगोल शिकवायला याच्याइतकी चांगली जागा स्कॉटलंडच्या दक्षिणेत नाही. हायलँड बाउंडरी फॉल्ट, म्हणजे जिथे स्कॉटलंडचा सखल भाग संपून डोंगराळ हायलँड्स सुरू होतात ती जमिनीतली भेग, बरोबर इथून जाते, आणि वर उभं राहिलं की तळ्यातली बेटं त्याच रेषेत एकामागे एक लागलेली दिसतात. मुलाला टेकडीच्या कण्यावर उभं करा आणि बोटाने ती रेषा आखायला सांगा, पुस्तकात दहा पानं वाचून जे कळत नाही ते तिथे एका मिनिटात कळतं. चढ जंगलातून सुरू होतो, मग पायऱ्या, मग उघडं. खरा माथा मुख्य वाटेवर नाही, वाट त्याच्या खालून जाते आणि शेवटचा तुकडा वेगळा चढावा लागतो, तो जरा उभा आणि भुसभुशीत आहे. उन्हाळ्यात वीकेंडला पार्किंग सकाळीच भरतं, दहाच्या आत पोचा.

त्याच्या पुढची पायरी बेन आन, ट्रॉसॅक्समध्ये, ४५४ मीटर. दगडी पायऱ्यांची वाट चांगली बांधलेली आहे पण सलग चढ आहे आणि माथ्यावर एका बाजूला सरळ कडा आहे, तिथे पळापळी करणारं मूल असेल तर हात सोडायचाच नाही. वरून दिसतं ते कॅट्रिन तळं. ग्लासगोत घरच्या नळाला येणारं पाणी याच तळ्याचं, १८५९ पासून. आपण रोज पितो ते पाणी हे, असं सांगितलं की मुलांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

अ‍ॅबर्डीनवाल्यांसाठी बेनाही टेकडीचा मिदर टॅप, ५१८ मीटर, माथ्यावर पिक्ट, म्हणजे प्राचीन काळी इथे राहणाऱ्या लोकांच्या किल्ल्याच्या दगडी भिंतीचे अवशेष आहेत, किल्ल्यांची आवड असलेल्या घरात हा हमखास हिट. आणि सुट्टीत अ‍ॅव्हिमोरला गेलात तर ग्लेनमोरपासून जंगलातून हिरव्या तळ्यापर्यंतची वाट, चढ जवळपास नाहीच, पाणी खरोखर हिरवं, आणि तिथली गोष्ट अशी की पऱ्या आपले कपडे त्यात धुतात म्हणून ते हिरवं झालं.

वेळेचा हिशोब

इथे सगळे जण नाइस्मिथचा नियम वापरतात. विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला: दर ५ किलोमीटरला एक तास, वर दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. कॉनिक हिल जाऊन-येऊन साधारण ४ किलोमीटर आणि चढ साडेतीनशे मीटर धरा, म्हणजे ४८ मिनिटं अधिक ३५ मिनिटं, जवळपास दीड तास. हा झाला न थांबता चालणाऱ्या फिट माणसाचा वेळ. मुलं सोबत असतील तर सरळ दुप्पट करा, तीन तास, त्यात डबा खाणं, दगड गोळा करणं, शू, बुटाची लेस, गोगलगाय बघणं सगळं आलं. सहा वर्षांच्या आतलं मूल स्वतःच्या पायाने चालणार असेल तर त्यावर आणखी अर्धा तास.

मग उलटं मोजायचं. अंधार कधी पडतो ते बघा, त्याच्या दोन तास आधी गाडीपाशी किंवा स्टॉपवर असायचं असं ठरवा. जूनमध्ये एडिनबराला सूर्य रात्री दहाच्या सुमाराला मावळतो म्हणून हा प्रश्नच येत नाही, पण डिसेंबरमध्ये दुपारी पावणेचारलाच मावळतो, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ मागे गेलं की एकदम एक तासाचा उजेड कमी होतो. हिवाळ्यात निघायचंच असेल तर सकाळी साडेनऊ-दहाला चढायला सुरुवात आणि जेवायच्या वेळेला खाली.

आणि निघायच्या आधीच एक परत फिरायची वेळ ठरवून सगळ्यांना सांगा, मुलांनाही. समजा साडेबारा. साडेबाराला जिथे असू तिथून मागे. हे आधी सांगितलेलं असलं की वर रडारड होत नाही, कारण कोणी हरलं म्हणून परत चाललोय असं वाटत नाही, ठरलंच होतं तसं.

हवामान बघायचं कसं

फोनवरचं नेहमीचं अ‍ॅप गावातलं हवामान सांगतं, डोंगरावरचं नाही. मेट ऑफिसचं, म्हणजे इथल्या हवामान खात्याचं, डोंगरांसाठी वेगळं फोरकास्ट असतं आणि माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिस म्हणून एक फुकट सेवा आहे, तिथे विभागवार माथ्यावरचा वारा, ढग किती उंचीवर असतील, थंडी किती जाणवेल हे सगळं दिलेलं असतं. आदल्या संध्याकाळी आणि निघताना, दोन्ही वेळा बघा.

आपल्याला सवय पाऊस बघायची, पण इथे मुलांसाठी आधी वारा बघायचा. पावसात रेनकोट घालून मुलं मजेत चालतात, वाऱ्यात नाही. उंची वाढते तसं तापमान दर १०० मीटरला अर्धा-पाऊण अंशाने उतरतं हे खरं, पण वारा त्याच्या कितीतरी पट जास्त गारठवतो. माथ्यावर ताशी ५० किलोमीटरच्या आसपास वारा असेल तर त्या दिवशी लहान मुलांना घेऊन उघड्या टेकडीवर जाऊ नका, जंगलातली वाट किंवा तळ्याकाठ पकडा. आणि ढग माथ्याच्या खाली असतील तर वर जाऊन पांढऱ्या धुक्याशिवाय काहीच दिसत नाही, वाट चुकायची शक्यता वेगळी. तेव्हा दुसरा, सखल प्लॅन नेहमी तयार ठेवा.

ऋतूंबद्दल थोडक्यात: मे आणि जूनची सुरुवात सगळ्यात छान, दिवस मोठा आणि किडे कमी. ऑगस्टमध्ये हेदर नावाचं झुडूप फुलतं आणि टेकड्याच्या टेकड्या जांभळ्या होतात. नोव्हेंबर ते एप्रिल उंच डोंगरांवर बर्फ असतो, तिथे बर्फाची कुऱ्हाड आणि क्रॅम्पॉन, म्हणजे बुटाखाली बांधायचे लोखंडी काटे, लागतात आणि ते वापरता यावे लागतात, म्हणून त्या काळात मुलांसोबत लॉ, आर्थर्स सीट असल्याच टेकड्या.

कपडे

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण दिवस चांगला जातो की वाईट ते इथेच ठरतं.

जीन्स आणि सुती टी-शर्ट नको. सुती कापड ओलं झालं की अंगाला चिकटून राहतं आणि लवकर वाळत नाही, त्यात वारा लागला की मूल दहा मिनिटांत कुडकुडायला लागतं. आत शाळेच्या पीईचा पॉलिस्टरचा टी-शर्ट चालतो, त्यावर फ्लीस, त्यावर वॉटरप्रूफ जॅकेट. आणि जॅकेटइतकीच महत्त्वाची वॉटरप्रूफ पँट, जी आपल्याकडे कोणी घेत नाही. मुलं बसतात कुठे? ओल्या गवतावर. पाच वर्षांच्या आतल्यांना एका तुकड्याचा पडल सूट सगळ्यात बेस्ट, चिखलात लोळलं तरी चिंता नाही. महागडं घेऊ नका, सहा महिन्यांत लहान होतं, चॅरिटी शॉपमध्ये आणि शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर चांगल्या अवस्थेत मिळतं.

बूट: तळव्याला ग्रिप पाहिजे, हे पहिलं. कोरड्या दिवशी छोट्या टेकडीवर ट्रेनर्स चालतात. पावसाळी बूट, म्हणजे वेलीज, चिखलाला बरे पण लांब चालायला टाचा घासतात. नवीन बूट आधी आठवडाभर घरात आणि शाळेच्या रस्त्यावर घालायला लावा. मोज्यांचा एक जास्तीचा जोड प्रत्येकाला, आणि एक पूर्ण बदलायचा सेट गाडीत ठेवायचा, आतल्या चड्डीपासून.

टोपी आणि हातमोजे जुलैमध्येही बॅगेत पाहिजेत. हातमोजे दोन जोड न्या, पहिला ओला होणारच आहे. आणि हो, जूनमध्ये ऊन लागतं, थंड वाऱ्यात ते जाणवत नाही, सनस्क्रीन लावा.

तान्हं बाळ पाठीवरच्या कॅरियरमध्ये असेल तर हे नीट लक्षात घ्या: तुम्ही चढून घामाघूम झालेले असता आणि बाळ हालचाल न करता बसलेलं असतं, त्यामुळे तुम्हाला गरम होतंय म्हणजे त्यालाही होतंय असं अजिबात नाही. दर वीस मिनिटांनी मानेमागे हात घालून बघा, पावलं चेपून बघा. पावलांवर जाड मोजे आणि वर आणखी एक जोड. माथ्यावर जास्त वेळ थांबू नका.

डबा

इथली मंडळी सँडविच नेतात, आपण त्यापेक्षा चांगलं नेऊ शकतो. हातमोजे न काढता खाता येईल असं काहीही. पोळीत सुकी बटाट्याची भाजी घालून घट्ट रोल करा आणि फॉइलमध्ये प्रत्येकाचा वेगळा बांधा. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, शेंगदाण्याचे लाडू, चिक्की, खजूर. थर्मॉसमध्ये टोमॅटोचं सार, हे फार सुंदर लागतं वाऱ्यात बसून, आणि मुलांचे हात कप धरून गरम होतात तो फायदा वेगळा.

सगळं एकदम माथ्यावर खायचं नाही. दर पाऊण तासाला थोडं थोडं, भूक लागायच्या आधी. मूल चिडचिड करायला लागलं की बहुतेक वेळा ते दमलेलं नसतं, भुकेलेलं किंवा गारठलेलं असतं, आधी लाडू द्या, मग टोपी घाला, मग बघा. पाणी घरून न्या, ओढ्याचं पाणी स्वच्छ दिसलं तरी वर मेंढ्या चरत असतात. संत्र्याची आणि केळ्याची सालं परत आणायची, थंडीत ती कुजायला फार वेळ लागतो.

नकाशा, फोन आणि गरज पडली तर मदत

वॉकहायलँड्स या साइटवर जवळपास प्रत्येक वाटेची माहिती फुकट आहे, अंतर, चढ, वेळ, आणि चिखल किती तेही मोजून दिलेलं असतं, 'बॉग फॅक्टर' म्हणतात त्याला, मुलांसोबत तो एक किंवा दोनच्या वर नको. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी संस्थेचा नकाशा फोनवर आधीच डाउनलोड करून ठेवा, डोंगरात रेंज जाते. कागदी नकाशा पण घ्या, १:२५००० चा केशरी कव्हरवाला, आणि तो मुलांच्या हातात द्या. आठ वर्षांचं मूल समोच्च रेषा वाचायला एका दुपारी शिकतं, रेषा जवळजवळ आल्या की चढ उभा, एवढं कळलं की तेच तुम्हाला सांगतं की आता दम लागणार.

कुठे चाललोय आणि कितीपर्यंत येणार हे खाली कोणालातरी मेसेज करून निघा. फोन पूर्ण चार्ज करून आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी भराभर उतरते. टॉर्च, छोटा फर्स्ट एड, फॉइलचं ब्लँकेट.

काही झालंच तर ९९९, आधी पोलीस मागायचे आणि मग माउंटन रेस्क्यू असं सांगायचं. इथले रेस्क्यू टीमवाले स्वयंसेवक असतात, पैसे घेत नाहीत, त्यामुळे संकोचून उशीर करू नका. बोलण्याइतकी रेंज नसेल तर कधी कधी मेसेज जातो, पण त्यासाठी फोन आधी नोंदवावा लागतो, 'रजिस्टर' हा शब्द इंग्रजीत टाइप करून ९९९ ला पाठवा, उत्तर येईल त्याप्रमाणे करा. आज घरी बसूनच करून टाका.

प्रत्येक मुलाच्या गळ्यात शिट्टी. नियम दोनच: चुकलास असं वाटलं की आहेस तिथेच थांब, आणि शिट्टी वाजव. एका मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा. उत्तर तीन शिट्ट्यांचं येतं. आणि उगाच खेळ म्हणून वाजवायची नाही हे तितक्याच गंभीरपणे सांगा.

प्रत्यक्ष चालताना

सगळ्यात हळू चालणारं मूल सगळ्यात पुढे. हे एक केलं की अर्ध्या तक्रारी संपतात, कारण मागे राहिलेल्या मुलाला सतत पळत गाठावं लागतं, आणि तो पोचतो तोवर पुढचे विश्रांती घेऊन परत निघालेले असतात. शेवटी एक मोठं माणूस.

'अजून किती' याचं उत्तर मिनिटांत देऊ नका. त्या गेटपर्यंत, मग त्या मोठ्या दगडापर्यंत, मग त्या मेंढीपर्यंत. जबाबदाऱ्या वाटून द्या, एक नकाशावाला, एक शिट्टीवाला, एक खाऊचा मंत्री. भेंड्या तर आहेतच, पुढे कोणी असेल तर जरा हळू आवाजात. वाटेत दगडांची रास दिसते ती केर्न, वाट दाखवण्यासाठी रचलेली असते, तिथे नवी रास रचू नका, मागून धुक्यात येणारा चुकेल.

उतरताना जास्त पडतात मुलं, चढताना नाही. पळू देऊ नका, आणि ओल्या दगडापेक्षा गवतावर पाय टाकायला शिकवा.

हक्क आणि मेंढ्या

स्कॉटलंडमध्ये २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने सगळ्यांना जवळपास कुठल्याही डोंगरावर, रानात, पाण्यावर जायचा हक्क दिलाय, जमीन खाजगी असली तरी. इंग्लंडमध्ये असं नाही. परवानगी नको, तिकीट नको. मला स्वतःला ही इथली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते, आणि म्हणून ती नीट सांभाळायची, कारण हक्क 'जबाबदारीने वागलात तर' आहे. लोकांच्या घराच्या बागेत नाही, उभ्या पिकातून नाही. गेट जसं होतं तसं ठेवायचं, उघडं होतं तर उघडं, लावलेलं होतं तर लावायचं. एप्रिल-मेमध्ये कोकरं असतात, मुलं पळत जवळ जातात, तेव्हा मेंढी घाबरून पिल्लाला सोडून जाऊ शकते, लांबूनच बघा. आणि गायी वासरांसकट दिसल्या तर आपल्याकडच्या गायीसारखं पाठीवर हात फिरवायला जाऊ नका, वळसा घालून जा, सोबत कुत्रा असेल तर अजिबातच मधून नको. ऑगस्ट ते ऑक्टोबर हायलँड्समध्ये हरणांची शिकार चालते, वाटेच्या सुरुवातीला बोर्ड असतो, त्यावर सांगितलेली वाट सोडू नका.

अरुंद रस्त्यांवर 'पासिंग प्लेस' लिहिलेली जागा समोरच्याला वाट द्यायला असते, तिथे गाडी लावायची नाही. पार्किंग भरलं असेल तर दुसरी टेकडी. आणि गाडीच नको असेल तर ५ ते २१ वर्षांच्या इथे राहणाऱ्या मुलांना बस फुकट आहे, कार्ड आधी काढून ठेवा.

शू-शीचं सांगायला लाजायचं कशाला: निघताना सगळ्यांना टॉयलेटला पाठवा, आणि वेळ आलीच तर ओढ्या-तळ्यापासून किमान ३० मीटर लांब, छोटा खड्डा करून पुरायचं, टिश्यू पिशवीत घालून परत.

मिज आणि टिक

मिज म्हणजे चिलटांसारखे चावरे किडे, मेच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत, पश्चिम हायलँड्समध्ये सगळ्यात जास्त, पूर्व किनाऱ्यावर खूप कमी. वारा नसलेली दमट संध्याकाळ म्हणजे त्यांची वेळ. थोडा वारा असला की ते उडू शकत नाहीत, म्हणून डबा तळ्याकाठच्या आडोशाला न खाता जरा वाऱ्याच्या जागी खायचा. स्मिज नावाचा स्प्रे केमिस्टकडे मिळतो, डोक्यावरून घालायची जाळी दोन-चार पाउंडांत.

मिज नुसता त्रास देतात, टिक मात्र गंभीर. त्या उंच गवतात आणि नेच्यासारख्या ब्रॅकनमध्ये असतात, लहान टिक खसखशीच्या दाण्याएवढी, आणि काहींमुळे लाइम रोग होऊ शकतो. पँट मोज्यात खोचायची. घरी आल्यावर आंघोळीच्या वेळी मुलांचं सगळं अंग तपासायचं: गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, कानामागे, केसांच्या कडेला. सापडली तर टिक काढायच्या प्लास्टिकच्या हुकाने किंवा बारीक चिमट्याने अगदी त्वचेलगत धरून काढा, तेल, व्हॅसलीन, काडी पेटवून लावणं यातलं काही करू नका. तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. पुढच्या तीन महिन्यांत तिथे पसरत जाणारा चट्टा किंवा फ्लूसारखा ताप आला तर लगेच जीपीला, म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरला, सांगा की टिक चावली होती. आणि हे आपल्यासाठी खास: फोटोत दाखवतात तो लालभडक गोल गोऱ्या कातडीवरचा असतो, आपल्या सावळ्या त्वचेवर तो फिकट किंवा वेगळ्याच रंगाचा दिसू शकतो, त्यामुळे 'लाल नाही म्हणजे काही नाही' असं धरून बसू नका.

आजी-आजोबा आले असतील तर

जून-जुलैमध्ये बऱ्याच घरी येतात. त्यांना घरी ठेवून जाऊ नका, ग्लेनकोर्स किंवा हिरव्या तळ्याची वाट त्यांना सहज जमते. फक्त स्वेटरवर वारा अडवणारं जॅकेट, कानटोपी, आणि चपलेऐवजी ग्रिपचे बूट. आई साडीवरच येणार म्हणाल्या तर आतून थर्मल लेगिंग आणि वॉटरप्रूफ बूट, सपाट रस्त्यावर काही अडत नाही. गुडघे दुखत असतील तर चालायच्या दोन काठ्या उतरताना फार कामाच्या.

मग मन्रो कधी?

कॉनिक हिल आणि बेन आन दोन्ही मुलांनी कुरकुर न करता केलं, आणि पेंटलंडमध्ये एखादा चार-पाच तासांचा दिवस झाला, की मग बेन लोमंडचा विचार करा. ९७४ मीटर, सगळ्यात दक्षिणेकडचा मन्रो, रोअर्डेनन गावातून रुंद, चांगली बांधलेली वाट, जाऊन-येऊन साधारण १२ किलोमीटर. नाइस्मिथने जवळपास चार तास येतात, मुलांसोबत सात-आठ धरा, म्हणून हा मे ते ऑगस्टचाच डोंगर आणि सकाळी नऊच्या आत चढायला सुरुवात. माझ्या मते नऊ-दहा वर्षांच्या आधी नको. मधला लांब भाग कमी चढाचा आहे आणि शेवटचा पुन्हा नागमोडी चढ, माथ्याजवळ उत्तरेकडे कडा आहे, तिथे लहानांचा हात धरायचा.

टार्मिगन रिज नावाची दुसरी वाट आहे, लोक सांगतात जास्त सुंदर आहे आणि आहेच, पण ती उभी, खडकाळ, धुक्यात शोधायला अवघड. पहिल्या वेळी ज्या वाटेने चढलात तिनेच उतरा. दोन ठिकाणं आधीच नकाशावर खूण करून ठेवा जिथे थांबून सगळ्यांचं कसं चाललंय ते बघायचं, एक जंगल संपतं तिथे, दुसरं शेवटच्या नागमोडी चढाच्या पायथ्याशी. दुसऱ्या ठिकाणी कोणाचे हात गार पडले असतील, वारा वाढला असेल किंवा माथा ढगात असेल, तर तिथेच डबा उघडा, सार प्या, आणि उतरायला लागा.